एका फोटोवर नाव नाही

तिसऱ्या दिवशीही विस्तीन गाल्देस सरांनी फोटोतल्या पक्ष्याचं नाव सांगितलं नाही. त्यांनी भिंग खाली ठेवलं, चष्मा पुसला आणि पुन्हा भिंग उचललं.

समोर मार्विक बसली होती. फोटो तिचाच. शिकाऱ्यांवर नजर ठेवायला ती पहाटेपासून शेताच्या दगडी बांधाआड पालथी पडली होती. पक्षी डोक्यावरून गेला, तिनं एकदा बटण दाबलं, आणि लगेच नेनू शेर्रीची बंदूक वाजली. पोलीस येईपर्यंत नेनूच्या कुत्र्यानं पक्षी आणून दिला होता आणि नेनूनं तो नाहीसा केला होता. माल्टातल्या गोझो बेटावर मेलेले पक्षी जिवंत पक्ष्यांपेक्षा चपळ असतात.

नेनू रविवारी चर्चची घंटा वाजवायचा आणि एरवी बंदूक. मारलेला पक्षी होलाच होता, कबुतराच्या जातीतला, असं त्यानं शपथेवर सांगितलं. एप्रिलमध्ये दुपारपर्यंत होला मारायला परवानगी आहे. ससाणा असेल तर मात्र परवाना जन्माचा गेला. पक्षी हाती नव्हता, म्हणून सगळा खटला त्या एका फोटोवर आला, आणि फोटो सरांवर. पक्ष्यांच्या बाबतीत माल्टात सरांच्या शब्दापुढे शब्द नव्हता.

फोटोत सूर्य होता, आणि सूर्यापुढे पंख उचललेला एक काळा ठिपका. अंगानं होल्याएवढा. पंखाखाली फिकट डाग. तो डाग म्हणजे उन्हाची तिरीप असेल, तर पक्षी काहीही असू शकत होता. पीसच पांढरं असेल, तर तो नुसता ससाणा नव्हता, अमूर ससाणा होता. सैबेरियातून निघून हिंदुस्थानावरून आफ्रिकेत जाणारा. माल्टाच्या यादीत त्याची एकही नोंद नव्हती.

ते पीसच आहे, हे सरांना पहिल्या रात्रीच कळलं होतं. अडचण वेगळी होती. दुर्मीळ पक्ष्यांच्या नोंदी तपासणाऱ्या समितीवर सर तीस वर्षं अध्यक्ष होते. नियम त्यांचाच होता: एका फोटोवर नाव नाही. या नियमानं त्यांनी एक्केचाळीस जणांना परत पाठवलं होतं. त्यातल्या एकानं दुर्बीण विकून मासेमारी धरली. एक जण सरांना पाहिलं की अजूनही रस्ता ओलांडतो. मार्विकची नोंदही त्यांनी एकदा फेटाळली होती. आता तेच सर कोर्टात उभे राहून एका धुरकट फोटोवर नाव सांगणार, आणि तेही आजवर न दिसलेल्या पक्ष्याचं. एक्केचाळीस जण खिशात खायला गरम पास्तित्सी घेऊन मागच्या बाकांवर येऊन बसले असते.

"सर, तो होला नाही. तुम्हाला ठाऊक आहे," मार्विक म्हणाली.

"मला वाटतं, मार्विक. वाटणं म्हणजे ठाऊक असणं नव्हे. हे तुला मीच शिकवलंय."

"मग तुमचं शिकवणं शेवटी नेनूच्या कामी आलं म्हणायचं," असं म्हणून ती उठली. चहा तसाच राहिला.

कोर्टात सर प्रकाश, भिंग आणि कोन या विषयांवर वीस मिनिटं बोलले. न्यायाधीशांनी पाच मिनिटं लिहून घेतलं आणि मग पेन मिटलं. नेनूच्या वकिलानं विचारलं, होला असण्याची शक्यता आहे का? सर म्हणाले, नाकारता येत नाही. वकील लगेच खाली बसला. नेनू सुटला आणि त्यानं छातीवर क्रूस काढला. दुसऱ्या दिवशीच्या पेपरात सरांच्या निःपक्षपातीपणाचं कौतुक छापून आलं. सरांनी ते कापून ठेवलं. मार्विकचा फोन आला नाही, पण शास्त्राला किंमत मोजावी लागते, हे सर जाणून होते.

आठ दिवसांनी नेनू दारात उभा राहिला. अंगावर रविवारचे कपडे, हातात टेबलक्लॉथखाली झाकलेलं काहीतरी. आईनं सरांसाठी नऊ दिवसांची प्रार्थना, नोव्हेना, धरली आहे म्हणाला, मग आत येऊन कापड काढलं.

पक्षी पेंढा भरून उडता ठेवला होता. पंख उचललेले. पंखाखाली वेदीवरच्या कापडासारखं पांढरं.

नेनूनं सरांसाठी खुर्ची पुढे केली. पेंढा भरणाऱ्यालाही नाव येईना, पाटी कोरी राहिली, गावच्या बँड क्लबात दोन रात्री भांडणं झाली, असं त्यानं सांगितलं.

"म्हटलं, सरांनाच विचारावं. आता काही एकच फोटो नाही."

फोन हाताच्या अंतरावर होता. पोलीस दहा मिनिटांत आले असते, आणि त्यांच्या मागोमाग कोर्ट, पेपर आणि एक्केचाळीस जण. सरांनी फोनकडे पाहिलं. मग पक्षी उजेडाकडे फिरवला, शेपटी पाहिली, पायांचा केशरी रंग पाहिला, आणि पाटी मागून घेतली. वळणदार अक्षरात नाव लिहिलं. खाली शास्त्रीय नाव. नेनूनं शाईवर फुंकर मारली, पाटी लावली आणि कापड पुन्हा पांघरलं. पक्षी तो घेऊन चालला होता. द्यायला आणलाच नव्हता.

दारापाशी सरांना राहवलं नाही. त्यांनी हलक्या आवाजात विचारलं, उडत होता तेव्हा पंखाखालचा पांढरा रंग दिसत होता, की ऊनच तसं होतं?

"चांगला लांबून दिसत होता, सर," नेनू म्हणाला. "म्हणून तर मारला."