बिननावाची तक्रार

“चष्मा घरी राहिला. हे जरा वाचून दाखव,” म्हणत कोच तुल्लिओंनी घडी घातलेला कागद गुरुनाथच्या हातात ठेवला. मॅच सुरू व्हायला वीस मिनिटं होती. अमेरिकेतल्या अ‍ॅशबर्नच्या मैदानावर अकरा-बारा वर्षांच्या मुली वॉर्म-अप करत होत्या आणि पालक घडीच्या खुर्च्या उघडत होते.

गुरुनाथने कागद उघडला. मजकूर त्याचाच होता. आठवड्यापूर्वी त्याने क्लबला मेलवर केलेली तक्रार. नाव गुप्त ठेवा अशी विनंती त्यानेच केली होती, आणि क्लबने ती इमानेइतबारे पाळली होती.

“सोमवारी मीटिंग आहे. मला ठेवायचं की काढायचं ते ठरेल,” कोच आपल्या मोडक्यातोडक्या इंग्लिशमध्ये म्हणाले. “उत्तर काय द्यायचं ते कळायला हवं ना.”

“पण मीच का? दुसरं कुणी...”

“इथले लोक फार भराभर बोलतात. तुझं इंग्लिश मला कळतं.”

तुल्लिओ सत्तरी ओलांडलेले. चाळीस वर्षं इटलीतले फुटबॉल क्लब सांभाळून मुलीकडे राहायला आले, आणि घरी बसवेना म्हणून या पोरींना शिकवायला लागले. गुरुनाथची आरोही सलग तीन मॅचेस बेंचवर बसली, तेव्हा नीलांबरीने नवऱ्याला सांगितलं होतं, जाऊन सरळ बोल त्यांच्याशी. पण समोर जाऊन बोलणं गुरुनाथच्या जिवावर यायचं. काम अडलं की वरच्याला मेल टाकायचा, ही त्याची ऑफिसातली वीस वर्षांची सवय. बरं, माझ्या मुलीला खेळवत नाहीत असं लिहायला कमीपणा वाटला. म्हणून त्याने लिहिलं की कोचचं इंग्लिश मुलींना समजत नाही, कम्युनिकेशन कमी पडतं. ‘कम्युनिकेशन’ हा शब्द माणसाला कुठे जाऊन लागतो हे त्याला चांगलं ठाऊक होतं. त्याच्या स्वतःच्या अप्रेझलमध्ये तो दोनदा येऊन गेला होता.

तो वाचू लागला. कोच मान खाली घालून, एकेका शब्दाला हलकेच मान डोलावत ऐकत होते. कोचच्या वयावर घसरलेलं वाक्य आलं तेव्हा गुरुनाथने ते गुपचूप गाळलं.

“ही ओळ राहिली,” कोचनी कागदावर बोट ठेवलं. चष्मा नव्हता, पण ओळी मोजता येत होत्या.

गुरुनाथने तीही वाचली. शेवटी आलं, ‘काइंडली डू द नीडफुल.’

“म्हणजे काय?”

“म्हणजे... जे करायला हवं ते करा.”

“हे मी कधी ऐकलं नाही.”

पाणी प्यायला आलेली आरोही बाटलीचं झाकण लावता लावता हसली. “बाबा, दॅट्स युअर लाइन! यू राइट दॅट टू माय टीचर एव्हरी टाइम.” आणि ती पळत मैदानात गेलीसुद्धा.

गुरुनाथला मेल्याहून मेल्यासारखं झालं. आपण लिहिलंच नाही असं म्हणायला तोंड उघडलं, पण समोरचा म्हातारा त्याच्याकडे असा बघत होता की ते खोटं ओठांवर येईना.

“मीच लिहिलं, कोच.”

कोच म्हणाले, “अकरा क्लब केले मी. नऊ ठिकाणी काढलं. एका मालकाने तर स्वतःच्या मुलीच्या लग्नात, हातात जेवणाची प्लेट असताना सांगितलं, तुल्लिओ, उद्यापासून येऊ नकोस. आणि रडला. मॅचेस हरलो, म्हणून काढलं. बरोबरच होतं.” त्यांनी कागद परत घेतला. “मला बोलता येत नाही, असं कुणी म्हटलं नव्हतं.”

“ते खोटं आहे. मुलींना तुमचं सगळं समजतं. आरोही घरी तुमच्यासारखेच हात करून बोलते. मला फक्त... तिला तुम्ही खेळवत नव्हता.”

“जिला घडवायचं तिला मी आधी शेजारी बसवतो. खेळ बघायला शिकवतो. तीन आठवडे झाले. आज ती सुरुवातीपासून खेळणार आहे.” त्यांनी खांदे उडवले. “विचारलं असतंस तर सांगितलं असतं.”

गुरुनाथला वाटलं, यांनी चारचौघांत दोन शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं.

“मी क्लबला पुन्हा मेल करतो,” तो कसाबसा म्हणाला. “खोटं लिहिलं होतं म्हणून. माझ्या नावाने.”

“कर. बस इथे.”

शिट्टी वाजली. पालकांच्या खुर्च्यांकडे पाठ करून, राखीव मुलींच्या रांगेत, गुरुनाथ कोचच्या शेजारी बसला. मैदानात आरोही चेंडू घेऊन पळत होती, मागून नीलांबरी ओरडून तिला चेतवत होती, आणि याची मान फोनमध्ये. ती तक्रार त्याने दहा मिनिटांत लिहिली होती. आता एक वाक्य जुळेना. लिहायचा, पुसायचा. ‘गैरसमज झाला’ असं लिहिलं, तेही पुसलं, कारण गैरसमज झालेलाच नव्हता. हाफटाइम झाला तरी स्क्रीन कोरीच होती.

कोच मुलींना पाणी देऊन परत येऊन बसले. त्यांनी त्या कोऱ्या स्क्रीनकडे पाहिलं, मग त्याच्या चेहऱ्याकडे.

“इंग्लिश अडतंय का?” त्यांनी विचारलं, आणि ते खरोखरच काळजीने विचारत होते.