घरची पावडर

बाथरूममध्ये पाणी सुरू झालं. आईने लगेच ओट्याखालचा खण उघडला, साबणाच्या पुड्यामागे दडवलेली दूध पावडरची पिशवी काढली आणि परात पुढे ओढली. परातीत आठवडाभराची चॉकलेट पावडर तयार होती. गडद तपकिरी, दोनदा चाळलेली. पुढचं काम चार मिनिटांचं. आज मात्र पिशवीचा रबर सोडला आणि हात तिथेच थांबला.

मुलगी सतरा वर्षांची होती. गेल्या वर्षी तिने आधी गोड सोडलं, मग तेलकट, मग रात्रीचं जेवण. पुढे पुढे ताटावर बसणंच सोडलं. भर उन्हाळ्यात ती स्वेटर घालायची. कंगव्यात केसांचे पुंजके यायचे. बाबा शिंपी होते, पुढच्याच खोलीत त्यांचं मशीन. तिचे कपडे दर महिन्याला आत घ्यायला लागायचे. ते टेप लावत नसत. नजरेनेच अंदाज घ्यायचे, टीप मारायचे आणि कपडा घडी करून तिच्या पलंगावर ठेवून यायचे. लहानपणी ती गुटगुटीत होती, म्हणून ते तिला 'ढब्बू' म्हणायचे. आता घरात तो शब्द कुणी काढत नव्हतं.

दवाखान्यातून आणलेल्या ताकदीच्या पावडरचे डबे तिने उघडलेसुद्धा नाहीत. "डब्यावर लिहिलंय ते खरं कशावरून?" घरी, डोळ्यांदेखत केलेलं असेल तर रोज एक कप घेईन, एवढ्यावर ती कशीबशी तयार झाली.

मग आई शिकली. गहू भिजवायचे, फडक्यात बांधून मोड आणायचे, सावलीत खडखडीत वाळवायचे, चोळून मुळं झाडायची, मंद आचेवर वास सुटेपर्यंत भाजायचे, दळायचे. पहिल्या खेपेला मोड आंबले. दुसऱ्या खेपेला कढईत करपले. तिसऱ्या खेपेला जमलं. तेव्हापासून दर रविवारी मुलगी ओट्याशी स्टूल टाकून बसायची, समोर छोटा वजनकाटा. गव्हाचं पीठ, कोको, नावाला साखर. एक ग्रॅम इकडचा तिकडे होऊ द्यायची नाही. सगळं मिसळून झालं की उठायची आणि आंघोळीला जायची. मग आई पिशवी काढायची. दूध पावडर, बदामाची पूड, आणि वरून पुन्हा एकदा चाळणी.

बाबांनी पहिल्याच रविवारी पाहिलं होतं.

"तिला कळलं ना, तर पाणीसुद्धा घेणार नाही तुझ्या हातून."

"तुम्ही तुमचं मशीन चालवा," आई म्हणाली होती.

असे सात रविवार गेले. काल डॉक्टरीणबाईंनी मुलीला काट्यावर उभं केलं. सातशे ग्रॅम वाढले होते. मुलगी चपला घालायला बाहेर गेल्यावर त्या आईला हळूच म्हणाल्या, "'आईच्या हातचं तेवढं मी पिते,' असं म्हणते ती. सध्या एवढा एकच धागा आहे बघा. जपा." आईने मान हलवली. रात्री तिने चार वेळा कूस बदलली, आणि चारही वेळा बाबा जागेच होते.

पाणी बंद झालं. पिशवी लपवायला अजून वेळ होता. आईने ती उचलली, पुन्हा खाली ठेवली आणि पदराला हात पुसत तिथेच उभी राहिली.

मुलगी टॉवेलने केस टिपत आत आली. ओट्यापाशी येऊन थांबली.

"मी तुला फसवत आलेय," आई म्हणाली. "तू आंघोळीला गेलीस की मी यात दूध पावडर घालते. बदामसुद्धा. पहिल्या दिवसापासून."

पुढच्या खोलीतलं मशीन थांबलं.

मुलीने पिशवीकडे पाहिलं, मग परातीकडे. तिच्या चेहऱ्यावर काही उमटलं नाही. आईने मनाची तयारी केली. आता परात मोरीत उपडी होईल. मग खोलीची कडी आतून लागेल, आणि ती या खेपेला कधी उघडेल ते कुणी सांगावं.

"माहितेय मला," मुलगी म्हणाली.

"काय माहितेय?"

"दुसऱ्याच रविवारी कळलं. रंग उतरतो, आई. आंघोळीला जाताना वेगळा असतो, आल्यावर वेगळा. चव तर लपतच नाही."

आईने चाचपडत स्टूल शोधलं आणि त्यावर बसली. सात आठवडे जिवाचा आटापिटा करून दडवलेली गोष्ट या पोरीने अशी सहज ओट्यावर मांडली होती.

"मग बोलली का नाहीस? आणि कळूनही पीत राहिलीस?"

मुलगी टॉवेलचं टोक बोटाला गुंडाळत राहिली. सोडलं, पुन्हा गुंडाळलं. तिच्या मनगटाचं हाड त्वचेखाली वर-खाली होताना दिसत होतं. बोलली तेव्हा ती आईकडे बघत नव्हती.

"कुणीतरी घालायला हवं होतं गं. माझ्याच्याने घालवत नव्हतं."