भाकरीची तक्रार

"बाबा, सही करा. ही बाई खोटी आहे," शर्वरी मुकुंदरावांना म्हणाली.

'घरगडी' यंत्रमानव विकणाऱ्या कंपनीने मेलेल्या माणसांचे जुने मेसेज मिळवून इंटरनेटवर अशी हजारो माणसं उभी केली होती. घरगड्याला कुणी नावं ठेवली, की ती भांडायला धावत. ही बाई शर्वरीच्या आईच्या मेसेजांवरून घडवली होती. शर्वरीने कंपनीविरुद्ध लिहिलेल्या तक्रारीवर मुकुंदरावांची सही झाली, की ती कायमची पुसली जाणार होती.

खरं तर मुकुंदरावांचा घरगडी भाकऱ्या सुरेख थापायचा. तरी ते रोज कंपनीच्या पानावर मुद्दाम लिहीत, "भाकरी वातड." की लगेच तोच जुना ठसका: "अहो, नावं ठेवल्याशिवाय घास उतरत नाही का तुमच्या घशाखाली?"

"बाबा, ती आई नाहीये."

"कळतं गं. करतो सही. आधी एकदा बोलू दे."

त्यांनी लिहिलं, "आज भाकरी फार छान झाली होती." आणि ते वाट बघत राहिले.

उत्तर आलं नाही. कौतुकाला काय म्हणायचं, हे तिच्या मेसेजांत कुठेच नव्हतं. तशी वेळ मुकुंदरावांनी तिच्यावर कधी आणलीच नव्हती.