अंतरपाटापलीकडे

"मावशी, भरपाई मंजूर झाली. सही करा," खिडकीतला कारकून म्हणाला.

मोर्चात धरलेल्या तीनशे बायकांच्या आठवणींची पोलिसांनी कोठडीत यंत्र लावून झडती घेतली होती. ती बेकायदा होती, असा निकाल कोर्टाने नुकताच दिला होता.

सगुणाबाईंनी पेन घेतलं नाही. "त्या फौजदाराला बाहेर काढाल?"

"कुठून?"

"माझ्या लग्नातून. झडतीला आत शिरला, तो तिथंच राहिला. अंतरपाट दूर झाला की समोर तोच उभा. मालकांना जाऊन वीस वर्षं झाली, घरात एक फोटो नाही. चेहरा तेवढा मनात जपला होता."

कारकुनाने अर्ज उलटून पाहिला. "तशी तरतूद नाही, मावशी."

"मग पतीच्या नावापुढे त्याचंच नाव लिहा," सगुणाबाई म्हणाल्या. "रोज हार त्यालाच घालते मी."