भूल उतरताना

"तुमच्या बहिणीने विचारलंय, सकाळपासून काही खाल्लं का?" नर्स बिंदूमतीने विचारलं.

बहीण तिच्या शेजारीच उभी होती. खाटेपासून दोन हातांवर, नजर हातातल्या कागदावर.

"त्यांना सांगा, काही नाही," एरोनी भिंतीकडे पाहत म्हणाला.

"काही नाही म्हणतायत."

"ऐकलं मी," डॉक्टर उनाइसी म्हणाली. "आता दातांचं विचार. एखादा हलतो का?"

"अहो, एका आईची लेकरं तुम्ही! मी काय मध्ये टपालखातं उघडलंय? आमच्याकडे उसाच्या मळ्यात भावंडं दिवसभर वचावचा भांडतात, ते परवडलं."

पण तिने विचारलं. वयात आल्यावर भाऊ-बहीण एकमेकांशी बोलत नाहीत, ही इथल्या फिजी गावांची रीत तिला नवी नव्हती. उनाइसीला तेरावं लागलं, त्या वर्षापासून दोघांत एक शब्द झाला नव्हता. ते भांडण नव्हतं, मान होता. आणि एकतीस वर्षं दोघांनी तो राखला होता. आज भूल द्यायला उनाइसी एकटीच होती; दुसरा डॉक्टर राजधानीत, सुवाला गेला होता. एरोनीचं आतडं हर्नियात अडकलेलं. संध्याकाळच्या विमानापर्यंत थांबण्यासारखं नव्हतं.

"झोपेत श्वास अडकतो का, विचार."

एरोनीने चादर हनुवटीपर्यंत ओढली. बहिणीसमोर भाऊ आपल्या शरीराविषयी बोलत नाही. उनाइसीच्या ते ध्यानात आलं. ती बाहेर गेली आणि दाराआड उभी राहिली.

"घोरता का हो?"

"बायको म्हणते, डुकरंसुद्धा कुंपण तोडून पळतात," आतून आवाज आला. "मधेच श्वास बंद पडतो म्हणे. मग ती लाथ घालते, की पुन्हा चालू."

"आणि काल यंगोनाचं गुंगीचं पेय किती प्यायलात?"

"दोन वाट्या."

"खरं सांगा. बहीण बाहेर गेलीय."

"बारा. पण वाट्या लहान होत्या."

बिंदूमती खळखळून हसली. दाराआड उनाइसीने सगळं लिहून घेतलं. 'श्वास अडकतो' याच्याखाली दोन रेघा ओढल्या. आपला भाऊ असा गमत्या आहे, हे तिला आज कळत होतं.

शस्त्रक्रिया सरळ पार पडली. तासभर ती त्याच्या डोक्याशी बसून होती. नाडी, रक्तदाब, श्वास, दर पाच मिनिटांनी कागदावर मांडत. तिला धास्ती होती ती पुढची.

शेजारच्या खोलीत आणल्यावर थोडा वेळ तो बरा होता. मग पुन्हा झोपेत गेला आणि जीभ मागे पडली. पडद्यावरचा प्राणवायूचा आकडा सत्त्याण्णववरून ब्याण्णववर आला, मग अठ्ठ्याऐंशीवर. उनाइसीने दोन्ही हातांनी त्याचा जबडा पुढे उचलून धरला, प्राणवायूचा मुखवटा घट्ट बसवला.

"मोठ्याने हाक मार त्याला."

"एरोनी! श्वास घ्या! ऐकताय ना? मोठा श्वास!"

छाती हलली नाही. चौऱ्याऐंशी.

"डॉक्टर, माझं नाही ऐकत ते. तुम्ही मारा हाक."

उनाइसीने तोंड उघडलं. आवाज पार व्हरांड्यापर्यंत गेला.

"एरोनी! श्वास घे!"

छाती वर आली.

"घे. अजून एक घे. आणखी."

तो घेत राहिला. आकडा नव्वदवर आला, मग पंच्याण्णववर. बिंदूमतीने पदराने टिपावं तसं बाहीने कपाळ टिपलं आणि पलीकडच्या खाटेवरच्या बाईकडे गेली. उनाइसीने त्याला थोडं उठतं बसवलं, पण तिथून हलली नाही. दर दोन मिनिटांनी ती म्हणत होती, "एरोनी, झोपू नकोस. श्वास घे." आणि तो घेत होता.

अर्ध्या तासाने तिचं लक्ष त्याच्या पापण्यांकडे गेलं. झोपलेल्या माणसाच्या पापण्या सैल असतात. रोज पाहून तिला ते माहीत होतं. या आवळून मिटलेल्या होत्या. त्याने आवंढा गिळला. श्वास संथ, स्वच्छ चालला होता.

ती वाकून हळू आवाजात म्हणाली,

"आई गेली तेव्हा तू मागच्या दारी एकटाच बसला होतास. मी खिडकीतून बघत होते. मला यायचं होतं रे तुझ्याजवळ."

पडद्यावर नाडी अडुसष्टवरून नव्वदवर गेली. पापण्या उघडल्या नाहीत.

"आले का पूर्ण शुद्धीवर?" बिंदूमतीने पलीकडून विचारलं. "वॉर्डात हलवू?"

उनाइसीने त्या नव्वदकडे पाहिलं. पायाने स्टूल जवळ ओढलं.

"अजून नाही," ती म्हणाली, आणि खाली बसली.