माप

मोरोनी या बेटावरच्या शहरात प्रत्येक पुरुष घरजावईच. घर बायकोचे असते आणि त्याच्या भिंतींची काळजी वाहतात तिचे भाऊ. बंदराजवळच्या काळ्या दगडी घरात बावीस वर्षे राहूनही हमादीला हे कधी टोचले नव्हते. पण गुरुवारी मेहुणा आला, टेप काढून त्याने माजघर या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत मोजले, बहिणीच्या कानाशी काही पुटपुटला आणि चहाही न घेता निघून गेला.

"काय मापत होता गं तुझा भाऊ?"

"आमचं बहीणभावंडांचं आहे ते. तुम्ही जेवा."

हमादीचा घास तोंडातच फिरत राहिला. दुसऱ्या दिवशी मशिदीतून परततानाही ती टेप सापासारखी त्याच्या मागे सरपटत होती. कुणी 'नीघ' म्हणण्याआधी आपणच निघावे, म्हणून त्याने पेटी भरली आणि थोरल्या बहिणीचे, झैनाबाचे, घर गाठले.

उंबऱ्यावर दाजी बसले होते. शेजारी त्यांची पेटी, दोरीने बांधलेली.

"या मालक," दाजी म्हणाले. "जागा रिकामीच करतोय. एवढंच सांगा, झैनाबासाठी दुसरा कोण पाहिलात? गेल्या आठवड्यात तुम्ही न बोलता घर मोजून गेलात, तेव्हाच मी ओळखलं."

"काहीतरीच काय दाजी! अहो, छप्पर गळतंय, म्हणून नव्या पत्र्यांचं माप..."

हमादी बोलता बोलता थांबला. हातातली पेटी त्याने हळूच पाठीमागे घेतली.