खालची दाढ

सुईच्या भीतीने कधी माझ्या दवाखान्याकडे न फिरकलेला दादा आज आपणहून खुर्चीत येऊन बसला. "छोटे, खालची दाढ जीव घेतेय. उपटून टाक एकदाची."

"केवढा घाम! भित्रा कुठला," म्हणत मी इंजेक्शन दिलं. थोड्या वेळाने ओठाला टोचून पाहिलं.

"काही कळत नाही. अर्धं तोंड दगड झालंय," तो म्हणाला. "पण दुखायचं का थांबत नाही गं?"

मी हातातली पक्कड खाली ठेवली. हृदयाच्या खालच्या भागाला झटका आला की कधीकधी छाती गप्प बसते आणि जबडा ठणकतो, हे कॉलेजात घोकलेलं आत्ता आठवलं. मी फोनवर ओरडले, "अँब्युलन्स पाठवा, लवकर!"

 

"एका दाढेसाठी?" दादा उरलेल्या अर्ध्या तोंडाने हसला.